दोन थर्मामीटर, एक आकडा

घरात लहान मूल तापले की कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत एकच प्रश्न दोन वेळा विचारला जातो. आई डिजिटल थर्मामीटर पाहून ३८.४ सांगते आणि आजीला त्यातून काहीच कळत नाही. तिच्या हिशेबात ताप म्हणजे शंभर, एकशे एक, एकशे दोन. ३८ हा तर उन्हाळ्यात गावाचा पारा असतो. एवढ्यात कोणी कपाळावर हात ठेवून ताप नाही असे ठरवते, कोणी घाबरून रिक्षा बोलावते. आकडा दोघींसमोर तोच असतो, फक्त मोजपट्टी वेगळी. ३८.४ अंश सेल्सिअस म्हणजे १०१.१ अंश फॅरनहाइट.

आजीच्या मोजपट्टीला ज्याचे नाव आहे, तो डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट डॉक्टर नव्हता. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब शिकायला पाठवलेला तो एक अनाथ मुलगा होता. पेढी सोडून तो काचेच्या नळ्या फुंकायला लागला आणि तापाला आकडा मिळाला. पाणी गोठण्याबद्दलचा एक मोठा गैरसमजही त्यानेच एका हिवाळी पहाटे दूर केला.

एका दिवसात पोरका

फॅरनहाइटचा जन्म २४ मे १६८६ रोजी बाल्टिक समुद्रावरच्या डान्झिग या बंदरात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला ग्दान्स्क म्हणतात. घराणे जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचे, खाऊनपिऊन सुखी. पाच भावंडांत हा सर्वांत मोठा.

१४ ऑगस्ट १७०१ या एका दिवशी हे घर मोडले. जेवणात आलेल्या विषारी अळंबीने आई आणि वडील दोघेही गेले. पावसाळ्यात रानातून अळंबी आणून खाणाऱ्यांना हा धोका आजही तेवढाच आहे. खाण्याजोगी अळंबी आणि विषारी अळंबी दिसायला इतक्या सारख्या असतात की जाणकारही फसतो. पंधरा वर्षांच्या डॅनियलच्या मागे धाकटी भावंडे होती. पालक म्हणून नेमलेल्या मंडळींनी त्यांची सोय वेगवेगळ्या घरी लावली आणि थोरल्याला अ‍ॅमस्टरडॅमला एका व्यापाऱ्याकडे चार वर्षांच्या उमेदवारीवर धाडले. त्याने जमाखर्च शिकावा, व्यापारात पडावे आणि घराणे सावरावे, असा बेत होता.

अ‍ॅमस्टरडॅम तेव्हा जगाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. तिथे दुर्बिणी, वायुदाबमापक, थर्मामीटर बनवणारे कारागीरही होते. मुलाचे मन वह्यांत रमेना. काच तापवून नळी कशी ओढतात, तिच्या टोकाला फुगा कसा फुगवतात, याकडे ते वळले. उपकरणे बनवायला पैसा लागतो, म्हणून वारशाच्या भरवशावर त्याने उसनवारी केली. वारसा हातात यायला अजून वेळ होता आणि कर्जाची जबाबदारी पालकांवर येऊन पडत होती.

पालक वैतागले. १७०७ च्या सुमारास त्यांनी त्याला धरून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढवण्याची आणि पूर्वेकडे रवाना करण्याची व्यवस्था केली. ही तीच कंपनी, जिची सतराव्या शतकातली पडकी वखार आजही कोकणात वेंगुर्ल्याला उभी आहे. त्या काळी अशा सफरीवर गेलेल्यांपैकी कितीतरी जण परत येत नसत. फॅरनहाइट निसटला. पुढची काही वर्षे तो एका जागी थांबलाच नाही. बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन, कोपनहेगन अशी त्याची भटकंती चालू राहिली. जिथे उपकरणे बनवणारा कोणी असेल तिथे जायचे, पाहायचे, शिकायचे, हाच त्याचा अभ्यासक्रम.

कोपनहेगनची भेट

१७०८ मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाला भेटला. प्रकाशाला अंतर कापायला वेळ लागतो हे गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवून देणारा हाच तो रोमर. त्या वेळी तो थर्मामीटरवर खुणा करण्याच्या कामात होता.

थर्मामीटर तेव्हा नवा नव्हता. गॅलिलिओच्या काळापासून युरोपात अशी उपकरणे होती. अडचण ही की प्रत्येक कारागिराची पट्टी वेगळी. एकाच्या नळीवर उन्हाळा ५० वर, दुसऱ्याच्या नळीवर १३ वर. पॅरिसमधल्या माणसाने मोजलेली थंडी लंडनमधल्याला सांगता येत नसे. गावागावांत शेर आणि पायली वेगळी असताना धान्याचा व्यवहार जसा व्हायचा, तसाच हा प्रकार.

रोमरची युक्ती साधी होती. निसर्गातल्या दोन ठरावीक जागा घ्यायच्या, त्यांवर खुणा करायच्या आणि मधल्या अंतराचे समान भाग पाडायचे. त्याच्या पट्टीवर वितळत्या बर्फाची खूण साडेसातवर आणि शरीराच्या उष्णतेची खूण साडेबावीसवर होती. फॅरनहाइटने कल्पना उचलली, पण अर्ध्या-पाव अंशांचा घोळ त्याला नको होता. त्याने सगळे आकडे चौपट केले. ३० आणि ९० मिळाले. पुढे त्यांतही थोडा बदल करून त्याने वितळत्या बर्फाला ३२ आणि शरीराला ९६ दिले.

हे ३२ आणि ९६ आज विचित्र वाटतात. कारागिराच्या नजरेने पाहिले तर ते सोयीचे आहेत. दोन खुणांमध्ये ६४ अंश पडतात. ६४ चे निम्मे ३२, त्याचे निम्मे १६, मग ८, ४, २ आणि १. म्हणजे दोन खुणांमधले अंतर सहा वेळा निम्मे करत गेले की एकेका अंशाची रेघ आपोआप सापडते. कंपास घेऊन बसलेल्या माणसाला शंभर भाग पाडण्यापेक्षा हे किती तरी सोपे.

नवसागर आणि शून्य

राहिले शून्य. १७२४ मध्ये लिहिलेल्या निबंधात फॅरनहाइटने ते कसे मिळवायचे हे सांगितले आहे. बर्फ, पाणी आणि नवसागर किंवा समुद्राचे मीठ एकत्र करायचे. त्या मिश्रणात पारा जिथे उतरतो तिथे शून्य. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो आणि पांढरा धूर उठतो.

बर्फात मीठ घातल्यावर तो अधिक गार का होतो, हे हाताने फिरवायचे पॉट आइस्क्रीम ज्यांनी पाहिले आहे त्यांना नव्याने सांगायला नको. लाकडी बादलीत बर्फाबरोबर खडे मीठ घातले नाही तर आतले दूध तासभर फिरवूनही घट्ट होत नाही. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. त्यामुळे बर्फ शून्य अंश सेल्सिअसच्या खालीही वितळू लागतो. वितळायला उष्णता लागते, ती तो भोवतालातून आणि डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. म्हणून मिठाचे बर्फपाणी साध्या बर्फपाण्यापेक्षा कितीतरी थंड. फॅरनहाइटचे शून्य म्हणजे सेल्सिअसच्या पट्टीवर साधारण उणे १७.८ अंश. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १८ च्या आसपास ठेवतात, म्हणजे जवळपास तेवढेच.

हॅलेतले आश्चर्य

१७१४ मध्ये फॅरनहाइटने दोन छोटे थर्मामीटर हॅले इथले प्राध्यापक क्रिस्टियान वोल्फ यांना दिले. नळीत मद्यार्क भरलेला होता. वोल्फ यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींतला स्तंभ जवळजवळ तंतोतंत एकाच खुणेवर. आज यात नवल वाटणार नाही. तेव्हा ते इतके मोठे नवल होते की वोल्फ यांनी त्यावर लेख लिहून छापला. दोन वेगवेगळी उपकरणे एकच आकडा सांगतात, हीच बातमी होती.

त्याच सुमारास फॅरनहाइट मद्यार्क सोडून पाऱ्याकडे वळला. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे उकळते पाणी त्याने मोजता येत नाही. पारा उणे ३९ च्या आसपास गोठतो आणि ३५७ अंशांना उकळतो. एवढ्या मोठ्या टप्प्यात तो बराचसा समान प्रसरण पावतो. पण पारा मळलेला असला की काचेला चिकटतो आणि स्तंभ तुटतो. फॅरनहाइटने पारा स्वच्छ करण्याची रीत बसवली. टोकाला गोल फुग्याऐवजी लांबट नळकांडे दिले, त्यामुळे पारा लवकर तापू लागला आणि आकडा लवकर दिसू लागला. आजीच्या कपाटातल्या काचेच्या थर्मामीटरचे टोक अजून तसेच लांबट असते.

१७१७ च्या सुमारास तो अ‍ॅमस्टरडॅमलाच स्थायिक झाला. ज्या शहरातून पळाला त्याच शहरात आता थर्मामीटर आणि वायुदाबमापक विकून तो पोट भरू लागला. १७१८ पासून रसायनशास्त्रावर व्याख्यानेही देऊ लागला.

न गोठलेले पाणी

पट्टीवरची ३२ ची खूण बर्फाच्या भरवशावर होती. म्हणून पाणी नेमके कधी गोठते याचा त्याला ध्यास लागला. १७२१ च्या मार्च महिन्याच्या सुरुवातीला त्याने काचेचा एक गोळा घेतला, त्यात निम्म्यापर्यंत पावसाचे पाणी भरले, आतली हवा काढून तोंड वितळवून बंद केले आणि गोळा रात्री उघड्यावर ठेवला. हवा १५ अंश फॅरनहाइट होती, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ९ च्याही खाली. पहाटे पाचच्या सुमारास तो पाहायला गेला. पाणी जसेच्या तसे, पातळ.

आधी त्याने याचे श्रेय हवा नसण्याला दिले. खात्री करण्यासाठी गोळ्याचे टोक फोडले. हवा आत शिरली आणि क्षणात पाणीभर बर्फाच्या सुया पसरल्या. प्रयोग त्याने पुन्हा केला. या वेळी थंडगार पाण्याचा गोळा हातात घेऊन जाताना त्याचे पाऊल चुकले, हिसका बसला आणि बंद गोळ्यातच सगळीकडे बर्फाचे कण झाले. हवा आत गेलीच नव्हती. पाणी हलण्यानेही गोठत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बर्फ होताना थर्मामीटर खाली न जाता वर चढला आणि ३२ वर येऊन थांबला.

पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पातळ राहू शकते, याला आज अतिशीतन म्हणतात. त्याचे कारण असे. बर्फ म्हणजे पाण्याच्या रेणूंची शिस्तीत लागलेली रांग. रांग लागायला पहिले काही रेणू एकत्र येऊन टिकावे लागतात. पाण्यात धुळीचा कण असेल, भांड्याला ओरखडा असेल किंवा बर्फाचाच एखादा तुकडा असेल तर त्याच्या आधाराने रांग लगेच लागते. पाणी स्वच्छ आणि निश्चल असेल तर सुरुवातच होत नाही. विरजणाशिवाय दूध जसे दह्याकडे वळत नाही, तसेच काहीसे. अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत पातळ राहू शकतात.

आणि एकदा सुरुवात झाली की गोठताना पाणी आपल्यातली उष्णता बाहेर टाकते. तीच उष्णता उरलेल्या पाण्याला पुन्हा ३२ वर नेते. उणे ९ ला असलेल्या पाण्यापैकी म्हणूनच लगेच गोठतो तो जेमतेम आठवा हिस्सा. बाकीचे पाणी थंडी टिकली तर सावकाश गोठते.

महाराष्ट्राला हे अतिशीत पाणी चांगलेच ओळखीचे आहे, फक्त ते दिसते गारपिटीच्या रूपात. उंच ढगांत शून्याखाली गेलेले पातळ थेंब असतात. बर्फाचा कण त्यांत वर-खाली फिरतो, थेंब त्याला आदळताच गोठतात आणि थरावर थर चढून गार मोठी होते. ती द्राक्षबागेवर पडते तेव्हा वर्षाची मेहनत जाते.

याच्या उलट गंमत महाबळेश्वरला दिसते. हवेचे तापमान शून्याच्या वर काही अंश असतानाही वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावरचे दव गोठलेले सापडते. हवामान केंद्राचा थर्मामीटर जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीला पेटीत असतो. निरभ्र रात्री गवताचे पाते आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि हवेपेक्षा कितीतरी थंड होते. पाण्याला पेटीतला आकडा माहीत नसतो, त्याला पात्याची थंडी लागते.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. पाणी कधी गोठायला सुरुवात करील याचा भरवसा नाही, पण बर्फ कधी वितळेल याचा आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली बर्फ आणि पाणी एकत्र असले की ते मिश्रण ३२ फॅरनहाइट म्हणजे शून्य सेल्सिअसवर येऊन थांबते आणि शेवटचा तुकडा वितळेपर्यंत तिथेच राहते. पट्टीची खूण म्हणून नुसते थंड पाणी चालत नाही, वितळता बर्फ लागतो तो यासाठी. स्वयंपाकघरातला काट्याचा थर्मामीटर बरोबर आहे का हे पाहायचे असेल तर बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एवढे आजही पुरते.

उकळीचा हिशेब

उकळते पाणीही नेहमी एकाच तापमानाला उकळत नाही, हे फॅरनहाइटला पाऱ्यामुळे दिसले. हवेचा दाब बदलला की उकळी बदलते. तेव्हा उकळीवरूनच हवेचा दाब मोजावा, असे उपकरण त्याने सुचवले. समुद्रकाठी पाणी २१२ अंश फॅरनहाइटला, म्हणजे १०० सेल्सिअसला उकळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच आहे. इथे ते साधारण ९८ सेल्सिअसला उकळते. पन्हाळ्यावर ९७ च्या आसपास. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला गडावर थोडा जास्त वेळ लागतो त्यामागे हेच कारण. कुकर दाब वाढवून तो वेळ भरून काढतो.

मान मिळाला, पैसा नाही

१७२४ हे त्याच्या आयुष्यातले मानाचे वर्ष. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले आणि त्याचे पाच निबंध लॅटिनमध्ये छापले. गोठणाऱ्या पाण्याचा प्रयोग त्यांतच आहे. लायडनचा हेर्मान बूरहावे हा त्या काळचा युरोपातला नामांकित वैद्य त्याचे थर्मामीटर वापरत असे आणि दोघांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. एकदा मद्यार्काचा आणि पाऱ्याचा अशा दोन थर्मामीटरांचे आकडे जुळत नाहीत अशी बूरहावेची तक्रार आली. फॅरनहाइटने ती टाळली नाही. वेगळा द्रव आणि वेगळी काच वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते, हे कारण शोधण्यात त्याने वेळ घातला.

हा मान त्याच्या खिशापर्यंत पोहोचला नाही. त्याने लग्न केले नाही, घर बांधले नाही. शेतांत साचलेले पाणी उपसण्याचा एक पंप त्याने तयार केला आणि त्याच्या हक्कासाठी १७३६ मध्ये तो हेगला गेला. तिथेच आजारी पडला. मृत्युपत्र लिहायला त्याला जेमतेम वेळ मिळाला. १६ सप्टेंबर १७३६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. त्याचा अंत्यविधी चौथ्या वर्गाचा, म्हणजे गरिबांना परवडेल तसा झाला. त्याच्या हाताचे मोजकेच थर्मामीटर आज शिल्लक आहेत. लायडनच्या बूरहावे संग्रहालयात ते पाहायला मिळतात.

नंतर आलेले ३७

त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १७४२ मध्ये, स्वीडनच्या उप्साला इथला खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅंडर्स सेल्सिअस याने शंभर भागांची पट्टी मांडली. गंमत म्हणजे त्याच्या पट्टीवर उकळते पाणी शून्यावर आणि वितळता बर्फ १०० वर होता. तो १७४४ मध्ये क्षयाने गेला आणि त्यानंतर लवकरच पट्टी उलटी करण्यात आली. तिला अधिकृतपणे सेल्सिअस हे नाव मिळाले १९४८ मध्ये.

इकडे फॅरनहाइटच्या पट्टीवर लोकांनी शरीराऐवजी उकळते पाणी ही दुसरी खूण धरली. बर्फ ३२, उकळी २१२. मध्ये १८० अंश. त्यामुळे शरीराचे ९६ थोडे सरकून ९८ च्या पुढे गेले. मग १८६८ मध्ये कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरने सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून निरोगी शरीराचे तापमान ३७ सेल्सिअस सांगितले. ३७ हा गोळाबेरीज आकडा. त्याचे फॅरनहाइट केले की ९८.६ येतात. म्हणजे ९८.६ मधला तो नेमका वाटणारा दशांश शरीराने दिलेला नाही, तो गुणाकाराने दिलेला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांची मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ आली. शिवाय एकाच माणसाचे तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असते. ९९ दिसले म्हणजे ताप आलाच असे नाही.

डॉक्टरांच्या हातातला थर्मामीटर बराच काळ फूटभर लांब होता आणि आकडा स्थिर व्हायला वीस मिनिटे लागत. १८६० च्या दशकात इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला. तेव्हापासून ताप घरोघरी मोजता येऊ लागला. कोल्हापुरात याच शतकाच्या उत्तरार्धात राजाराम कॉलेजात शास्त्र शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक हे भौतिक आणि रसायन या विषयांवर मराठीत पुस्तके लिहीत होते. भारतात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि हवामानाची बातमी सेल्सिअसमध्ये येऊ लागली. ताप मात्र घराघरांत फॅरनहाइटमध्येच राहिला. म्हणूनच आई आणि आजीचा गोंधळ.

तोंडी हिशेब

तो मिटवायला कागद लागत नाही. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करावा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावेत. ३७ चे दुप्पट ७४, त्यातून ७.४ गेले, राहिले ६६.६, त्यात ३२ मिळवले की ९८.६. उलट जायचे असेल तर आधी ३२ वजा करावेत, उरतील त्याचे निम्मे करावे आणि त्या निम्म्याचा नववा भाग त्यातच मिळवावा. १०४ मधून ३२ गेले ७२, निम्मे ३६, नववा भाग ४, उत्तर ४०. एवढे नको असेल तर चार जोड्या पाठ कराव्यात: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४. ताप एक सेल्सिअसने उतरला तर तो फॅरनहाइटमध्ये १.८ अंशांनी उतरतो; फरक मोजताना ३२ मिळवायचे नसतात. आणि उणे ४० ला दोन्ही पट्ट्या एकच आकडा दाखवतात.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे डॉक्टर रोज पाहतात. ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा ताप मानला जातो. तीन महिन्यांच्या आतील बाळाला तेवढा ताप आला तर वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून कुठे मोजला हेही सांगावे. ताप उतरवायला बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये. त्याने हुडहुडी भरते आणि शरीर उलट उष्णता तयार करते.

गोठण्याचा आकडाही औषधांच्या बाबतीत तितकाच मोलाचा आहे. न उघडलेले इन्शुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ सेल्सिअसमध्ये, म्हणजे सुमारे ३६ ते ४६ फॅरनहाइटमध्ये ठेवतात. फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली इन्शुलिनची कुपी गोठली तर ती वाया गेली. वितळल्यावर पाण्यासारखी स्वच्छ दिसली तरी ती वापरू नये. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बी यांसारख्या लसींचेही तसेच आहे. कुपी गोठून गेली होती हे नंतर डोळ्यांना कळेलच असे नाही, म्हणून लसीच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून दिवसातून दोनदा नोंद करतात.

जयसिंगपूरच्या दवाखान्यातला आकडा कोल्हापूरच्या रुग्णालयाला फोनवर सांगितला जातो आणि तिथले डॉक्टर त्यावर उपचार ठरवतात. दोन्हीकडचे थर्मामीटर वेगळे, बनवणारे वेगळे, तरी आकडा तोच धरला जातो. हॅलेत वोल्फ यांना ज्याचे नवल वाटले होते, ते आज कोणाच्या लक्षातही येत नाही.